‘गेलो होतो’ आणि ‘हॅड गॉन’ : इंग्रजीचा भूतकाळ आपल्याला कुठे फसवतो?

(बिलोली येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



विषय ऐकून काहीजण बुचकळ्यात पडले असतील. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस इंग्रजी व्याकरणावर काय बोलणार? तुमची शंका बरोबर आहे. मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. पण काळ म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे, आणि आपल्या पोरांना इंग्रजीत सगळ्यात जास्त मार बसतो तो काळाच्याच धड्यात. म्हणून म्हटलं, आज दोन्ही गोष्टी एकत्र बघू.

सुरुवात एका अर्जापासून करतो. काही वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातली एक मुलगी माझ्याकडे एक परत आलेला अर्ज घेऊन आली. शिष्यवृत्तीचा अर्ज होता. घरच्या परिस्थितीबद्दल चार ओळी इंग्रजीत लिहायच्या होत्या. तिनं लिहिलं होतं, ‘माय फादर हॅज वर्क्ड अ‍ॅट अ ब्रिक किल्न फॉर ट्वेल्व्ह इयर्स.’ अर्जावर शेरा आला होता : वडिलांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला जोडावा. मुलगी म्हणाली, “सर, बाबा तर तीन वर्षांखाली वारले. दाखला कुठून आणू?”

मी तिला विचारलं, तू मराठीत काय ठरवून हे लिहिलंस? ती म्हणाली, “माझ्या वडिलांनी बारा वर्षं वीटभट्टीवर काम केलं आहे.” बघा, मराठी वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. त्या वाक्यात वडील हयात आहेत की नाहीत, हे कुठेच सांगितलेलं नाही. मराठी तो प्रश्न विचारतच नाही. पण इंग्रजीत ‘हॅज वर्क्ड फॉर ट्वेल्व्ह इयर्स’ म्हटलं की वाचणारा समजतो, बारा वर्षांपासून काम करतात आणि आजही करतात. तिला म्हणायचं होतं ‘वर्क्ड’. मधला एक ‘हॅज’ खोडायचा होता. तो तिथे राहिला म्हणून गेलेला माणूस कागदावर जिवंत झाला, आणि त्याचा दाखला मागितला गेला. तिच्या आईच्या तालुक्याला दोन खेपा झाल्या, दोन दिवसांची मजुरी बुडाली.

त्या मुलीला शाळेत सगळे काळ पाठ होते. भिंतीवर तक्ता असतो ना आपल्याकडे, बारा काळांचा, तो तिला झोपेतही म्हणता आला असता. तरी चूक झाली. मला आज एवढंच सांगायचं आहे की ही चूक डोकं कमी असल्याची नाही. उलट मराठी पक्की असल्याची आहे. आपण मराठीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देतो, आणि इंग्रजीनं प्रश्न दुसराच विचारलेला असतो.

आता नीट बघू, मराठी काय विचारते आणि इंग्रजी काय विचारते.

सगळ्यात मोठ्या चुकीपासून सुरू करतो. ‘काल मी नांदेडला गेलो होतो.’ हे आपण रोज बोलतो. याचं इंग्रजी आपल्या तोंडून सहज येतं, ‘येस्टरडे आय हॅड गॉन टू नांदेड.’ शब्दाला शब्द लावलेला आहे. ‘गेलो’ला ‘गॉन’, ‘होतो’ला ‘हॅड’. मग चुकलं कुठे?

मराठीत हा ‘होतो’ काय काम करतो ते बघा. ‘बाबा नांदेडला गेलेत’ म्हणजे बाबा अजून तिकडेच आहेत. ‘बाबा नांदेडला गेले होते’ म्हणजे गेले आणि परत आले, ती गोष्ट मिटली. ‘होते’ लावलं की आपण त्या घटनेला गाठ मारतो. आणि नुसतं ‘काल मी नांदेडला गेलो’ म्हणून गप्प बसलात तर? समोरचा म्हणेल, “बरं, मग?” कारण नुसता ‘गेलो’ ही गोष्टीची सुरुवात वाटते. गेलो, बसलो, भेटलो, असं पुढे काहीतरी येणार, म्हणून ऐकणारा थांबतो.

इंग्रजीत नेमकं उलटं आहे. ‘येस्टरडे आय वेन्ट टू नांदेड’ हे पूर्ण वाक्य आहे, तिथे गाठ बसली. आणि ‘आय हॅड गॉन’ म्हटलं की इंग्रज थांबतो. तो विचारतो, कशाच्या आधी? कारण त्याच्या भाषेत ‘हॅड गॉन’ म्हणजे भूतकाळातल्या दुसऱ्या एका क्षणाच्या आधी गेलेला. तो दुसरा क्षण तुम्ही सांगितलाच नाही, म्हणून तो वाट बघत बसतो. आपण वाक्य संपवण्यासाठी ‘हॅड’ घालतो, आणि त्याच्या कानाला तिथे वाक्य अर्धवट राहतं.

मग ‘हॅड’चं खरं काम मराठीत आहे की नाही? आहे ना! आपल्या एस.टी. स्टँडवर चला. ‘मी स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी गेली होती.’ म्हणजे मी पोचायच्या आधीच गाडी गेली. ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.’ इथे ‘होती’ आणि ‘हॅड’ बरोबर जुळतात. म्हणजे मराठीतला ‘होतो, होती’ दोन कामं करतो. एक, दोन घटनांतली आधीची कोणती ते सांगणं. दुसरं, एकट्या घटनेला गाठ मारून ती मिटली असं सांगणं. इंग्रजीतला ‘हॅड’ पहिलंच काम करतो. दुसरं काम तिथे साधा भूतकाळ करतो. आपल्या पोरांनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी अर्ध्या चुका जातील.

आणि ही सवय मराठीचीच नाही बरं का. हिंदी-उर्दूतही ‘मैं कल नांदेड गया था’ असंच म्हणतात. आपण मांजरेच्या काठची माणसं. नदी ओलांडली की बोधन, निजामाबाद. बाजारात मराठी, तेलुगू, दखनी तिन्ही कानावर येतात. दखनी तर आणखी पुढची. पुस्तकी हिंदीत ‘मैंने किया’, दखनीत ‘मैं किया’, तो ‘ने’ तिनं टाकूनच दिला. म्हणजे भूतकाळ कसा बांधायचा, याच्या एकाच बाजारात तीन तऱ्हा आहेत, आणि आपलं पोरगं त्या सहज पेलतं. मग चौथी तऱ्हा त्याला पेलणार नाही, असं मी तरी मानत नाही.

आता तत्त्वज्ञानाचा एक छोटा भाग सांगतो, घाबरू नका. (हशा) हान्स रायशेनबाख नावाचा एक जर्मन तत्त्वज्ञ होता. हिटलर सत्तेवर आल्यावर त्याला जर्मनी सोडावी लागली. आधी इस्तंबूल, मग अमेरिका. तर्कशास्त्रावरच्या त्याच्या 1947 सालच्या पुस्तकात क्रियापदांच्या काळांवर काही पानं आहेत. तो म्हणतो, काळ समजायला दोन क्षण पुरत नाहीत, तीन लागतात. पहिला, मी बोलतोय तो क्षण. दुसरा, घटना घडली तो क्षण. आणि तिसरा, मी जिथे उभा राहून त्या घटनेकडे बघतोय तो क्षण. हा तिसरा आपण विसरतो, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

स्टँडवरची तीच गाडी घ्या. ‘द बस लेफ्ट अ‍ॅट नाईन.’ गाडी नऊला सुटली. मी मनानं नऊ वाजता जाऊन उभा राहिलो आणि गाडी सुटताना बघितली. घटना तिथे, बघणारा तिथे. हा साधा भूतकाळ. ‘द बस हॅज लेफ्ट.’ गाडी गेलीय. इथे मी आज, आत्ता, रिकाम्या फलाटावर उभा आहे. घटना मागे, पण बघणारा आत्तामध्ये. म्हणून ‘हॅज’, कारण ‘हॅज’ हा शब्दच मुळात वर्तमानाचा आहे. ‘द बस हॅड लेफ्ट.’ इथे मी काल सव्वानऊला फलाटावर उभा आहे आणि गाडी त्याच्याही आधी गेली. बघणारा मागे, घटना त्याच्याही मागे. तिन्ही वाक्यांत गाडी एकच, सुटण्याची वेळही एकच. बदलली ती आपली उभं राहायची जागा.

आता ‘हॅव’ची दुसरी अडचण बघा. आपण म्हणतो, ‘मी काल अर्ज दिला आहे.’ मराठीत काहीच खटकत नाही. ‘काल’ हा ‘दिला’ला चिकटतो, आणि ‘आहे’ सांगतं की दिलेला अर्ज आज जमेला आहे. दोघं आपापलं काम करतात, भांडत नाहीत. इंग्रजीत मात्र ‘आय हॅव गिव्हन द अ‍ॅप्लिकेशन येस्टरडे’ चालत नाही. ‘हॅव’ म्हणतो आज उभा राहा, ‘येस्टरडे’ म्हणतो काल उभा राहा. एक माणूस दोन ठिकाणी कसा उभा राहील? म्हणून संपलेल्या वेळेचं नाव घेतलं की ‘हॅव’ काढायचा. काल, परवा, गेल्या वर्षी, 2009 साली, दहावीत असताना, यातलं काहीही आलं की साधा भूतकाळ. ‘आय गेव्ह द अ‍ॅप्लिकेशन येस्टरडे.’ आणि ‘आज’ असेल तर? दिवस अजून चालू आहे, तेव्हा ‘आय हॅव गिव्हन इट टुडे’ चालतं.

हे मी स्वतः फार उशिरा शिकलो. 1975 च्या सुमारास एका ठिकाणी व्याख्याता पदाची मुलाखत होती. मी ऐटीत सांगितलं, ‘आय हॅव पास्ड माय एम.ए. इन नाईन्टीन सेव्हन्टी-फोर.’ समितीतल्या एका गृहस्थांनी तेच वाक्य सावकाश, एकेक शब्द सुटा करून परत म्हटलं. बाकीचे हसले. मला वाटलं माझा उच्चार चुकला. चूक कुठे होती हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मला ते कळायला पुढची सहा-सात वर्षं गेली. हसण्यापेक्षा सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. शिक्षक मंडळी इथे बसलीत, म्हणून हे बोललो.

वेळेचं नाव नसेल तेव्हा ‘हॅव’ अगदी योग्य. ‘आय हॅव रेड धिस बुक.’ हे पुस्तक मी वाचलेलं आहे, केव्हा ते महत्त्वाचं नाही. आणि काम मागे सुरू होऊन आजपर्यंत चालू असेल तेव्हाही ‘हॅव’ लागतो. इथे आपली गाडी उलट्या बाजूनं घसरते. ‘मी 2005 पासून बिलोलीत राहतोय.’ मराठीत सरळ वर्तमानकाळ आहे, म्हणून आपण म्हणतो, ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन बिलोली सिन्स 2005.’ इंग्रजीत ते ‘आय हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ होतं. आता त्या मुलीचा अर्ज परत आठवा. ‘बारा वर्षं काम केलं आहे’ याला तिनं ‘हॅज वर्क्ड फॉर ट्वेल्व्ह इयर्स’ लिहिलं, आणि साहेबांनी वाचलं ‘बारा वर्षांपासून काम करताहेत’. दोघंही आपापल्या भाषेशी प्रामाणिक होते.

आता तिसरी ठरलेली चूक. ‘ही डिड नॉट वेन्ट.’ यावर वर्गात फार हसतात. पण पोरगं काय करतंय बघा. ‘तो गेला नाही.’ मराठीत ‘नाही’ आलं तरी ‘गेला’ तसाच राहतो, काळाची खूण त्याच्यावरच असते. पोरगं ‘गेला’ला ‘वेन्ट’ लावतं आणि ‘नाही’ला ‘डिड नॉट’ लावतं. त्याच्या बाजूनं हिशोब बरोबर आहे. फक्त इंग्रजीचा एक नेम आहे की काळाची खूण एका क्रियापदसमूहात एकदाच, आणि तीही सगळ्यात पुढच्या शब्दावर. ‘डू’चं ‘डिड’ झालं, खूण लागली, आता ‘गो’ मोकळा.

हे पोरांना समजावून सांगायला इंग्रजीत जायची गरजच नाही. ‘तो जाऊ शकला’ हे वाक्य घ्या. कुणी ‘तो गेला शकला’ म्हणतं का? नाही. ‘शकला’नं काळ उचलला, ‘जाऊ’ मोकळा राहिला. ‘तो जात नव्हता’मध्ये काळ ‘नव्हता’नं उचलला, ‘जात’ मोकळा. म्हणजे नेम आपल्याकडेही आहे, फक्त तो दुसऱ्या ठिकाणी लागू होतो. ‘डिड नॉट गो’ शिकवताना ‘जाऊ शकला’ फळ्यावर लिहा आणि दोन्हीत काळ कोणत्या शब्दावर बसलाय ते पोरांनाच विचारा.

आणखी एक चूक फार गोड आहे. ‘बाळ झोपलं आहे’, म्हणून ‘द बेबी इज स्लेप्ट’. ‘पाहुणे आले आहेत’, म्हणून ‘द गेस्ट्स आर कम’. ‘आहे’ म्हणजे ‘इज’, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं. पोरगं ते पाळतं. तुम्हाला गंमत सांगतो, शेक्सपिअरच्या काळातल्या इंग्रजीत ‘इज कम’ चालत होतं. येणं-जाणं अशा क्रियापदांना ‘बी’ लागायचं आणि करणं-देणं अशांना ‘हॅव’. जर्मन आणि फ्रेंच भाषांत हा भेद अजून आहे. इंग्रजीनं नंतर सगळ्यांना ‘हॅव’ लावून टाकला. म्हणजे आपलं पोरगं चारशे वर्षं उशिरा आलंय, एवढंच. (हशा)

आणि मूळ रूपांचं काय? ‘गो’चं ‘वेन्ट’ का, ‘गोड’ का नाही, असं प्रत्येक पोरगं विचारतं. आपण म्हणतो, पाठ कर. अरे, आधी त्याला विचारा, ‘जातो’चं ‘जाला’ का होत नाही, ‘गेला’ का होतं? ‘जा’ आणि ‘गेला’ ही दोन वेगळ्या धातूंची लेकरं. ‘गेला’ आला संस्कृतातल्या ‘गत’वरून, ‘जा’ आला ‘या’ धातूवरून. दोघांनी एक संसार थाटला. ‘वेन्ट’ही तसाच, तो मुळात ‘वेन्ड’ या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ, ‘गो’च्या घरी येऊन राहिला. ‘कर’चं ‘केला’, ‘मर’चं ‘मेला’, ‘ये’चं ‘आला’, ‘हो’चं ‘झाला’. लहान लेकरू ‘करलं’ म्हणतं, तसं इंग्रजांचं लेकरू ‘गोड’ म्हणतं. सगळ्यात जास्त वापरलेले शब्द सगळ्यात वाकडे असतात. ते आपल्याकडेही वाकडे आहेत. लहानपणी तोंडी बसले म्हणून दिसत नाहीत.

आता थोडं मागे जातो, कारण हा प्रश्न आपल्याला इंग्रजांनी दिलेला नाही. पाणिनीच्या संस्कृतात भूतकाळ तीन. लुङ्, लङ् आणि लिट्. लुङ् सर्वसाधारण भूतकाळासाठी, त्यात आज घडलेलंही येतं. लङ् आजच्या आधी घडलेल्यासाठी. लिट् अशा गोष्टीसाठी, जी जुनी आहे आणि बोलणाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलेली नाही. म्हणजे ‘केव्हा घडलं’ याबरोबर ‘तू बघितलंस का’ हाही प्रश्न क्रियापद विचारत होतं. पुढे यावर पतंजलीनं महाभाष्यात चर्चा केली. एखादी घटना मी पाहिली नाही, पण ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि माझ्या हयातीत झाल्यामुळे मला पाहता आली असती, तर तिथे लिट् नको, लङ् चालेल. उदाहरण म्हणून त्यानं साकेत नगराला यवनांनी घातलेला वेढा दिला. आणि बघा, इतिहासकारांनी याच रूपावरून अनुमान काढलं की तो वेढा पतंजलीच्या हयातीतला असणार. पतंजलीला इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात ठेवतात, त्याच्या पुराव्यांमध्ये हे एक क्रियापद आहे. भूतकाळाच्या एका रूपावरून दोन हजार वर्षांनी माणसाचा काळ ठरवता येतो. मग त्या मुलीच्या अर्जावरून साहेबांनी तिच्या वडिलांना हयात ठरवलं, यात नवल काय?

पुढे लोकभाषेत आणि प्राकृतात हे तीन भूतकाळ मागे पडले आणि ‘गत’, ‘कृत’ अशा रूपांवरून नवा भूतकाळ उभा राहिला. म्हणून तर मराठीत ‘त्याने ग्रंथ लिहिला’, ‘पोथी लिहिली’, ‘पुस्तक लिहिलं’ असं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. 1836 साली दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण आलं, 1911 साली मोरो केशव दामल्यांचं शास्त्रीय मराठी व्याकरण आलं. आपल्या भाषेचे काळ किती बारीक आहेत, ते त्यात दिसतं. साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती. आपण ते शाळेत परीक्षेपुरते पाहतो आणि सोडतो. माझं मत असं की ज्या पोराला स्वतःच्या भाषेतला ‘गेलो’ आणि ‘गेलो होतो’ यातला फरक सांगता येतो, त्याला इंग्रजी काळ अवघड जात नाहीत. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत यायचं. 2000 सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून आहे. चार वर्षं जास्त मिळाली, पण सांगण्याची पद्धत तीच राहिली : तक्ता आणि पाठांतर.

तर तक्त्याऐवजी चार प्रश्न देतो, लिहून घ्या. इंग्रजीत मागची गोष्ट लिहायची असेल तर आधी मराठी वाक्य बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा.

पहिला : संपलेल्या वेळेत मी उभा आहे का? वेळ सांगितली असो की मनात असो. असेल तर साधा भूतकाळ. ‘वेन्ट, गेव्ह, वर्क्ड.’ मराठीत तिथे ‘होतो’ असो वा नसो.

दुसरा : मी आज उभा राहून मागे बघतोय का? त्या गोष्टीचा धागा आजपर्यंत आलाय का? असेल तर ‘हॅव’ किंवा ‘हॅज’. माणूस हयात नसेल, काम संपलं असेल, तर सहसा धागा तुटलेला असतो.

तिसरा : मी भूतकाळातल्या एका क्षणी उभा राहून त्याच्याही मागचं बघतोय का? तरच ‘हॅड’. तो मधला क्षण दाखवता येत नसेल तर ‘हॅड’ खोडा.

चौथा : काळाची खूण दोनदा तर लागली नाही ना?

एवढंच. आता प्रश्न घेऊ.

एक शिक्षक : सर, ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम’ हे आम्ही वर्षानुवर्षं शिकवतो. दोन घटना असल्या की पहिलीला ‘हॅड’, हा नियम बरोबर ना?

तो पेशंट कित्येक पिढ्या मरतोय बिचारा, आणि डॉक्टर काही वेळेवर येत नाही. (हशा) वाक्य चुकीचं नाही. पण त्यातून पोरांनी घेतलेला नियम चुकीचा आहे. ‘बिफोर’ शब्दानंच आधी कोण, नंतर कोण हे सांगून टाकलंय. म्हणून ‘द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर केम’ हेही बरोबर इंग्रजी आहे. ‘आय गॉट अप, हॅड टी अँड वेन्ट टू द फील्ड’ यात तीन घटना आहेत, पण क्रमानं सांगितल्या, म्हणून सगळीकडे साधा भूतकाळ. त्यातला ‘हॅड टी’ म्हणजे चहा घेतला, तो वेगळा. क्रम उलटला आणि सांगणारा शब्द नसला, तेव्हाच ‘हॅड’वाचून अडतं. ‘व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट डाइड’ म्हटलं तर डॉक्टर आल्यावर पेशंट गेला असा अर्थ होईल, आणि डॉक्टर दावा लावेल. तिथे ‘हॅड डाइड’च पाहिजे.

एक विद्यार्थी : सर, सिनेमात तर ‘डिड यू ईट येट’ असं बोलतात. आम्हाला शिकवतात ‘हॅव यू ईटन’.

चांगलं ऐकलंस. अमेरिकेत बोलताना बऱ्याच ठिकाणी ‘हॅव’ऐवजी साधा भूतकाळ चालतो, ब्रिटनमध्ये ‘हॅव’कडे ओढा जास्त. आपण काय करायलोय आणि पुण्याचे लोक काय करताहेत म्हणतात, तसाच फरक समज. पण ‘हॅव ईटन येस्टरडे’ तिकडेही म्हणत नाहीत आणि इकडेही नाही. परीक्षेत आणि अर्जात पुस्तकातलं रूप लिही, बोलताना सैल सोड.

एक पालक, ताई : सर, आता मोबाईलच वाक्य दुरुस्त करून देतो. मग लेकरांनी हे शिकायचं कशाला?

ताई, प्रश्न रास्त आहे. ‘डिड नॉट वेन्ट’ लिहिलं तर मोबाईल दुरुस्त करील. पण त्या मुलीचं वाक्य परत बघा. ‘माय फादर हॅज वर्क्ड अ‍ॅट अ ब्रिक किल्न फॉर ट्वेल्व्ह इयर्स.’ यात व्याकरणाची एकही चूक नाही. नुसतं हे वाक्य समोर असलं तर यंत्र त्याच्याखाली लाल रेघ कशाला मारील? बाप हयात आहे की नाही, हे त्याला कुठून कळणार? ते लेकरालाच माहीत असतं. आपल्याला जे माहीत आहे ते कागदावर तसंच उतरलं का, हे तपासण्यापुरतं तरी व्याकरण लेकराच्या हातात पाहिजे.

त्या अर्जाचं पुढे काय झालं, असं मघाशी कुणीतरी विचारत होतं. आम्ही दोघांनी बसून तो ‘हॅज’ खोडला, पुढे एक ओळ वाढवली, ‘ही डाइड थ्री इयर्स अगो’, आणि मृत्यूचा दाखला जोडला. तिनं मला विचारलं होतं, “सर, ‘डाइड’ की ‘हॅज डाइड’?” मी म्हटलं, तूच सांग, तू कुठे उभी आहेस? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “त्या दिवशी.” मग तिनंच ‘डाइड’ लिहिलं.